प्रोस्टेटचे दुखणे आणि दुखण्याची गोळी

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा दाभोळच्या माझ्या दवाखान्यात पुरुष रुग्णांची गर्दी वाढते. बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात, हाताला काम नसते आणि वर्षभर अंगावर काढलेली दुखणी या दिवसांत बाहेर पडतात. कोणाचा गुडघा, कोणाची कंबर, कोणाचा खांदा. पण काही जण गर्दी ओसरेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहतात. शेवटचा रुग्ण गेला की आत येतात, दार लोटतात आणि हळूच म्हणतात, "डॉक्टर, खाली दुखतं. जरा कडक गोळी द्या."

खाली म्हणजे कुठे, असे विचारले की हात आधी ओटीपोटावर जातो, मग कंबरेवर, मग जांघेकडे. अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागी दुखते, हे सांगायला साठीच्या माणसालाही लाज वाटते. या दुखण्यामागे पुष्कळदा प्रोस्टेट ग्रंथी असते. आज या दुखण्यावरील औषधांविषयी लिहायचे आहे. कारण आजाराने होणारे नुकसान मी जितके पाहिले, तितकेच चुकीच्या औषधाने होणारे नुकसानही पाहिले आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. अडुसष्ट वर्षांचे एक तांडेल आले. आठ महिने कंबर आणि ओटीपोट दुखत होते. खिशातून त्यांनी डायक्लोफिनॅकच्या गोळ्यांची अर्धी पट्टी काढून दाखवली. आधी रोज एक, मग दोन, अलीकडे तीन. दुकानातून थेट आणलेल्या. शिवाय पोटात मुरडा आल्यासारखे झाले की शेजाऱ्याने दिलेली मुरड्याची गोळी. "लघवी होते का, काका?" असे विचारले. "होते की, सारखीच होते. थेंब थेंब. रात्री बिछानासुद्धा ओला होतो." त्यांच्या मते लघवी जास्त होत होती. पोटावर हात ठेवला तर मूत्राशय बेंबीपर्यंत फुगलेले. नळी घातली तेव्हा सव्वा लीटरहून अधिक लघवी निघाली. रक्ततपासणीत क्रिएटिनिन नेहमीच्या मर्यादेच्या चौपट आले. प्रोस्टेटने वाट अडवलेली, लघवीचा दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत गेलेला आणि त्यावर आठ महिन्यांच्या गोळ्यांचा मारा.

काका वाचले. पुढे शस्त्रक्रिया झाली, मूत्रपिंडे काही अंशी सावरली. पण पूर्वीची ताकद परत आली नाही. आता ते बोटीवर जात नाहीत, घरी बसून जाळी विणतात. गोळीने तिचे काम चोख केले होते. तिने दुखणे गप्प केले. दुखणे काय सांगू पाहत होते, ते मात्र आठ महिने कोणी ऐकले नाही.

म्हणून माझे मत सुरुवातीलाच सांगतो. प्रोस्टेटच्या दुखण्यावर अशी एक गोळी नाही. या ग्रंथीचे आजार निरनिराळे आहेत आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. आजार कोणता हे ठरल्याशिवाय नुसती दुखण्याची गोळी रुग्णाने मागू नये, दुकानदाराने देऊ नये आणि डॉक्टरनेही लिहू नये.

एक ग्रंथी, चार आजार

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांत असणारी ग्रंथी. सोललेल्या सुपारीपेक्षा थोडी मोठी, साधारण अक्रोडाएवढी. ती मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वीर्यातील काही द्रव ती तयार करते. आपल्या जुन्या वैद्यांना हा त्रास ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या प्रकारांत वाताष्ठीला सांगितली आहे. दगडासारखी घट्ट गाठ होऊन लघवी अडते, असे तिचे वर्णन आहे. ग्रंथीची जागाच अशी आहे की ती सुजली, वाढली किंवा आखडली तरी लघवीला त्रास होतो.

पहिला आजार जंतुसंसर्गाचा. एकाएकी थंडी वाजून ताप येतो, लघवीला आग होते, बसताना दुखते, कधी लघवी पूर्ण अडते. हे जंतू बहुधा आपल्याच आतड्यातले असतात. येथे औषध म्हणजे प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक. ते सुरू करण्यापूर्वी लघवीचा नमुना कल्चरसाठी द्यावा, म्हणजे कोणते औषध लागू पडेल ते कळते. उपचार दोन ते चार आठवडे चालतो, आजार जुना झाला असेल तर चार ते सहा आठवडे. इतके दिवस का? तर या ग्रंथीच्या आत पुष्कळशी प्रतिजैविके नीट शिरतच नाहीत. आमचे रुग्ण तिसऱ्या दिवशी ताप उतरला की गोळ्या बंद करतात, उरलेल्या डब्यात ठेवतात आणि पुढच्या वेळी भावाला देतात. मग जंतू दबा धरून बसतात आणि दुसऱ्या खेपेला ते औषध चालत नाही. या आजारात पॅरासिटामॉल किंवा दुखण्याची गोळी सोबतीला देता येते, पण सोबतीलाच. ताप आणि लघवीची अडचण एकत्र आली तर घरी थांबू नये.

दुसरा प्रकार जुनाट दुखण्याचा, आणि प्रोस्टेट दुखते म्हणून येणाऱ्यांत हाच सर्वांत जास्त आढळतो. वय बहुधा तीस ते पन्नास. तीन महिन्यांहून अधिक काळ ओटीपोटात, जांघेत, अंडकोशामागे दुखते, वीर्यपतनाच्या वेळी दुखते, पण लघवीत जंतू सापडत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ साली प्रोस्टेटच्या दाहाचे चार वर्ग केले, त्यांतला हा तिसरा. प्रोस्टेटच्या दाहाच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ जण या वर्गात मोडतात. येथे महिनोन्महिने प्रतिजैविके देण्यात अर्थ नसतो. लघवीची वाट सैल करणारे औषध, थोड्या दिवसांसाठी दाह कमी करणारी गोळी, काहींना नसांच्या वेदनेवरचे अल्प मात्रेतील औषध, असे मिळून करावे लागते. घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसणे, बद्धकोष्ठ होऊ न देणे, मोटारसायकलवरचे लांबचे प्रवास कमी करणे, ओटीपोटाच्या खालचे स्नायू सैल सोडण्याचा व्यायाम, यांचाही उपयोग होतो. आणि रुग्णाला एक गोष्ट नीट समजावून सांगावी लागते. हा कर्करोग नाही, गुप्तरोग नाही, लग्नाआधीच्या कोणत्याही पापाची शिक्षाही नाही. नुसत्या या दिलाशाने कित्येकांची झोप परत आलेली मी पाहिली आहे.

तिसरा प्रकार वयानुसार ग्रंथी वाढण्याचा. ही वाढ साधी असते, कर्करोगाची नव्हे. लघवीची धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. वाढलेली ग्रंथी स्वतः सहसा दुखत नाही. दुखते ते तुंबलेले मूत्राशय, नाहीतर त्यात झालेला संसर्ग किंवा खडा. म्हणून या रुग्णाला दुखण्याची गोळी देणे म्हणजे तुंबलेल्या गटाराचा वास येतो म्हणून उदबत्ती लावणे.

चौथा आजार कर्करोग. तो बराच काळ मुळीच दुखत नाही. दुखू लागतो तो बहुधा हाडांत पसरल्यावर. कंबर, माकडहाड, मांडीचे हाड. साठी ओलांडलेल्या पुरुषाची कंबर काही आठवडे सतत, विशेषतः रात्री दुखत असेल, तर तिला केवळ वाताची कंबर समजू नये.

खरी कामाची औषधे

वाढलेल्या ग्रंथीसाठी आज दोन प्रकारची औषधे मुख्य आहेत. एक वाट सैल करणारी, उदाहरणार्थ टॅम्सुलोसिन. ग्रंथीतील आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंचा ताण ती कमी करते, आणि थोड्याच दिवसांत धार सुधारते. मात्र सुरुवातीला चक्कर येऊ शकते. म्हणून ती रात्री जेवणानंतर घ्यावी आणि पहाटे उठताना आधी खाटेवर बसावे, मग उभे राहावे. काहींचे वीर्य कमी पडते किंवा पडत नाही. त्याने घाबरू नये, पण डॉक्टरांना सांगावे. ही गोळी चालू असताना कामोत्तेजक गोळी परस्पर घेऊ नये, रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला जाल तेव्हा ही गोळी घेत आहात, किंवा पूर्वी घेतली आहे, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. या औषधाने शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली सैल पडते, हे २००५ साली लक्षात आले. आधी कळले तर सर्जन तशी तयारी ठेवतात.

दुसरी औषधे ग्रंथी लहान करणारी, फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड. फिनास्टेराइडमागची हकिकत मनोरंजक आहे. डॉमिनिकन रिपब्लिक या देशातील काही कुटुंबांत जन्मतःच एका विकराची उणीव असते आणि त्या पुरुषांची प्रोस्टेट आयुष्यभर लहानच राहते, असे १९७४ साली प्रसिद्ध झाले. मग तोच विकर रोखणारे औषध शोधण्यात आले, आणि १९९२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. या गोळीचा गुण यायला सहा महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडणारे रुग्ण पैसेही घालवतात आणि गुणही. या गोळीने पीएसए या रक्ततपासणीचा आकडा सुमारे निम्म्यावर येतो. म्हणून ती चालू असेल तर तपासणी करताना तसे सांगणे जरूर आहे, नाहीतर कर्करोगाची शंका घेण्याजोगा आकडाही निर्धोक वाटेल. घरात गरोदर स्त्री असेल तर तिने ही गोळी फुटलेली असताना हाताळू नये.

ही औषधे बरीच वर्षे घ्यावी लागतात, त्यामुळे खर्चाचा प्रश्न येतो. मूळ औषधाच्या नावाने मिळणाऱ्या गोळ्या जनऔषधी दुकानांत पुष्कळच स्वस्त असतात. चिठ्ठीवर मूळ नाव लिहून मागण्यात संकोच करू नका.

जी औषधे घात करतात

आता दुखण्याच्या गोळीकडे येऊ. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक या गोळ्या वाईट नाहीत. तीन-चार दिवस, जेवणानंतर, कारण ठाऊक असताना घेतल्या तर त्या उपकारच करतात. पण महिनोन्महिने घेतल्या की पोटात व्रण, रक्तस्राव, रक्तदाबात वाढ आणि मूत्रपिंडांना इजा, अशी किंमत मोजावी लागते. रक्तदाबाची काही औषधे, लघवी वाढवणारी गोळी आणि दुखण्याची गोळी अशा तिघी एकत्र आल्या तर वृद्ध माणसाची मूत्रपिंडे फार लवकर थकतात. आणि लघवी अडण्याचा धोकाही या गोळ्या वाढवतात. मूत्राशय आवळण्याच्या क्रियेत ज्या रसायनांचा वाटा असतो, तीच या गोळ्या कमी करतात. हॉलंडमध्ये झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांत एकाएकी लघवी अडण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले.

डायक्लोफिनॅकचे नाव गिधाडांमुळेही गाजले, हे काहींना आठवत असेल. हे औषध दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडत होती, हे २००४ साली संशोधकांनी दाखवून दिले. २००६ साली भारतात गुरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसाचे शरीर गिधाडाइतके नाजूक नाही, हे खरे. पण घाव बसतो तो त्याच अवयवावर.

याहून सहज होणारी चूक म्हणजे सर्दीची गोळी. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात. रात्रभर एसटीत लघवी दाबून धरलेली असते, वाटेत उतरावे लागू नये म्हणून पाणीही घेतलेले नसते. पावसात भिजून सर्दी होते, दुकानातून गोळी आणली जाते, आणि दुसऱ्या दिवशी लघवी ठप्प. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामिनसारखे किंवा नाक मोकळे करणारे औषध असते. एक मूत्राशय लुळे करते, दुसरे वाट आवळते. पोटातल्या मुरड्यासाठी मिळणाऱ्या डायसायक्लोमिनचेही तेच. ओटीपोट दुखते म्हणून घेतलेली गोळी दुखण्याचे मूळ कारण वाढवते. आमच्या तांडेल काकांच्या बाबतीत हेच झाले. वाढलेली प्रोस्टेट असलेल्या प्रत्येकाने सर्दी, खोकला किंवा मुरड्याची गोळी घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

प्रतिजैविकांबद्दलही सांगायला हवे. प्रोस्टेटमध्ये चांगली शिरणारी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही औषधे योग्य जागी मोलाची आहेत. पण त्यांनी टाचेमागचा स्नायुबंध दुखावू शकतो, क्वचित तुटतोही, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली दिला. साठीपुढे आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांत हा धोका अधिक. आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून लिव्होफ्लॉक्सासिनसह अनेक औषधे अनुसूची एच-१ मध्ये आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि विक्रीची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी लागते. नियम चांगला आहे. तो पाळणाऱ्या दुकानदाराशी हुज्जत घालू नका, तो तुमच्याच भल्याचे करतो आहे.

दोष आमचाही

सगळा दोष रुग्णाच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मीही लघवीची तक्रार आली की प्रतिजैविक आणि दुखण्याची गोळी लिहून देत असे. बाहेर पंचवीस माणसे ताटकळत असत. रबरी हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासायला मिनिटभर पुरते, पण रुग्णाला लाज आणि आम्हाला घाई. या तपासणीत ग्रंथी मोठी आहे, दुखरी आहे की दगडासारखी कठीण आहे, हे बोटाला समजते. ती न करता गोळी लिहिणे म्हणजे दार न उघडता घरात कोण आहे ते सांगणे. रुग्णांनी ही तपासणी नाकारू नये, आणि डॉक्टरने केली नाही तर आपण होऊन विचारावे. विचारण्यात अपमान कोणाचाच नाही.

कर्करोग पसरलेला असला, तरी वेदना सोसत राहण्याचे कारण नाही. पुरुषी संप्रेरक थांबवले की हा कर्करोग आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले, त्यासाठी त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजही उपचाराचा पाया तोच आहे, आणि अनेकांचे हाडांचे दुखणे त्याने लक्षणीय कमी होते. दुखऱ्या हाडावर किरणोपचार देता येतात. त्यावरही वेदना राहिली तर मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. मॉर्फिन म्हटले की घरचे लोक दचकतात, व्यसन लागेल म्हणतात. कर्करोगाच्या रुग्णाला योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. ते मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली संसदेने अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्तीही केली. सौम्य गोळ्यांनी रात्र काढत बसण्यापेक्षा हे औषध मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

मग करायचे काय?

पन्नाशीनंतर लघवीची धार बारीक झाली, रात्री वारंवार उठावे लागले, किंवा खाली, कंबरेत, ओटीपोटात दोन आठवड्यांहून अधिक दुखले, तर तपासणी करून घ्या. बोटाची तपासणी, लघवीची तपासणी, रक्तातील साखर आणि क्रिएटिनिन, जरूर वाटल्यास सोनोग्राफी. पीएसए तपासणी डॉक्टरांशी बोलून ठरवा. मात्र ताप आणि संसर्ग असताना ती करू नका, तेव्हा आकडा खोटाच चढतो. येताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, वैद्यांच्या पुड्या, शेजाऱ्याने दिलेल्यासुद्धा.

पाच गोष्टी मात्र थांबण्याच्या नाहीत. लघवी पूर्ण बंद होणे, थंडी वाजून तापासह लघवीला त्रास होणे, लघवीतून रक्त जाणे, कंबर दुखत असताना पायांतील शक्ती जाणे, आणि तांडेल काकांसारखी थेंब थेंब लघवी सतत गळणे. यांपैकी काहीही झाले तर गोळी न शोधता वाहन शोधा. इथून दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय गाठता येते. पलीकडे गुहागर-चिपळूणला जायचे तर खाडी ओलांडावी लागते, आणि रात्री फेरीबोट बंद झाल्यावर तोही मार्ग राहत नाही. म्हणून दिवसाउजेडी निघा. "सकाळपर्यंत बघू" या वाक्याने आपल्या भागात फार नुकसान केले आहे.

तांडेल काका परवा दवाखान्यात आले होते. स्वतःसाठी नव्हे, आपल्या धाकट्या भावाला घेऊन. बाकावर शेवटपर्यंत न थांबता, चार माणसांसमोर ते मोठ्याने म्हणाले, "डॉक्टर, याला लघवीचा त्रास आहे. गोळी नको, आधी तपासा." बाकावरची माणसे खाली बघू लागली. थोड्या वेळाने त्यांतलेच एक जण आत आले आणि म्हणाले, "मलाही जरा तपासायचं आहे."